नाकपुडी, डायलिसिस आणि 'थ्रिल्ड टु अनाउन्स'

लिंक्डइन उघडलं की दिवसाला दोन-चार माणसं तरी 'थ्रिल्ड' झालेली सापडतात. कुणाला नवी नोकरी लागलेली असते, कुणी शनिवार-रविवारात ऑनलाइन कोर्स संपवलेला असतो, कुणाच्या कंपनीला आयएसओ मिळालेलं असतं. सगळेच 'थ्रिल्ड टु अनाउन्स'. त्याच दिवशीच्या मराठी पेपरात शेवटच्या षटकापर्यंत ताणलेला सामना 'थ्रिलर' असतो आणि हायवेवरच्या पाठलागाचा 'थरार' असतो. आणि एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात सिस्टर विचारत असतात, "काकू, सकाळी थ्रिल बघितलं का?"

काकूंना कुणी सिनेमा बघायला सांगितलेला नसतो. पण हा शब्दही तोच, इंग्रजीतला 'थ्रिल'.

शाळेत आपल्याला त्याचा अर्थ 'रोमांच, आनंदाची लहर' असा एका ओळीत सांगितलेला असतो. तो चुकीचा नाही, पण त्याच्यावर भागत नाही. काकूंचं थ्रिल त्यात बसत नाही. 'वुई आर नॉट थ्रिल्ड' असं क्लायंटने मेलमध्ये लिहिलं तर ते किती गांभीर्याने घ्यायचं, हेही त्यातून कळत नाही. शब्दकोशात या शब्दाचे तीन-चार अर्थ सुटे सुटे दिलेले असतात. मला वाटतं, ते सगळे एकाच चित्रातून निघालेत: काहीतरी आरपार जातं आणि मागे थरथर उरते. हे चित्र डोक्यात बसलं की बाकीचं फारसं पाठ करावं लागत नाही.

आधी भोक, मग भावना

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत भोकाला साधारण 'थ्यिरेल' म्हणत. त्यावरून क्रियापद झालं, भोसकणं किंवा आरपार भोक पाडणं. पुढे त्याचं 'थर्ल' झालं आणि मग 'र'ने जागा बदलून 'थ्रिल'. अशी अक्षरांची अदलाबदल आपल्याला नवी नाही. वाराणसीचं बनारस असंच झालं, त्यातले 'र' आणि 'ण' एकमेकांच्या जागी जाऊन बसले.

ते जुनं भोक इंग्रजीत अजून शिल्लक आहे, तेही प्रत्येकाच्या चेहऱ्यावर. नाकपुडीला इंग्रजीत 'नॉस्ट्रिल' म्हणतात, म्हणजे 'नोज'चं 'थ्यिरेल', नाकाचं भोक. 'मधून, पार' या अर्थाचा रोजचा 'थ्रू' हाही याच कुळातला. आणखी मागे गेलं तर भाषाशास्त्रज्ञ या कुळाचं मूळ 'पार जाणे' अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूत दाखवतात. त्याच धातूची संस्कृत शाखा म्हणजे 'तृ', ज्यावरून आपलं तरणं, तारणं आणि अवतार आले, आणि लॅटिन शाखा म्हणजे 'ट्रान्सफर'मधला 'ट्रान्स'. थ्रिल, ट्रान्सफर आणि अवतार ही एकमेकांची लांबची भावंडं आहेत. लग्नाच्या पंगतीतही एकमेकांना ओळखणार नाहीत, पण आहेत.

सुरुवातीला आरपार जायची ती शस्त्रं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस भावनाही आरपार जाऊ लागल्या, आणि त्या सुखद असायलाच हव्यात अशी अट नव्हती. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' या नाटकात (साधारण १६०४) मरणाला घाबरलेला क्लॉडिओ मेल्यावर आपल्या वाट्याला काय येईल याची कल्पना करतो. त्यात जाड बर्फाचा एक प्रदेश आहे आणि त्याला तो 'थ्रिलिंग' म्हणतो. आजचा वाचक ही ओळ वाचून चक्रावतो, कारण त्याला तिथे स्कीइंगची जाहिरात दिसते. क्लॉडिओला म्हणायचंय ते एवढंच की तिथली थंडी हाडांत घुसते. आपण 'बोचरी थंडी' म्हणतो ती हीच.

मौजेचा अर्थ हळूहळू वर आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी सनसनाटी गोष्टीला 'थ्रिलर' म्हणायची पद्धत पडली. भोसकण्याचा अर्थ तोवर जवळपास मेला होता. थरथर मात्र टिकली, आणि सगळ्यात शुद्ध रूपात टिकली ती दवाखान्यात.

डॉक्टरांचं थ्रिल

वैद्यकात थ्रिल म्हणजे हाताला लागणारी थरथर. रक्त नळीतून सरळ वाहत असेल तर आवाज होत नाही. वाट अरुंद झाली, झडप नीट उघडेना किंवा बंद होईना, की प्रवाहात भोवरे होतात आणि आवाज येतो. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या त्या आवाजाला 'मर्मर' म्हणतात. तो फार जोराचा असेल तर छातीवर ठेवलेल्या तळहातालाही जाणवतो, आणि हाताला जाणवला की त्याचं नाव थ्रिल. बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युअल लेव्हाइन यांनी १९३३मध्ये मर्मरच्या सहा पायऱ्या ठरवल्या, त्या अजून वापरात आहेत. चौथ्या पायरीपासून थ्रिल हाताला लागतं. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेक यांनी तर शंभरेक वर्षं आधीच या थरथरीला मांजराच्या गुरगुरण्याची उपमा दिली होती. मांडीवर बसून सुखावलेल्या मांजराच्या पाठीवर हात ठेवून बघा, उपमा चोख आहे.

आता काकूंकडे येऊ. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्त मशीनवर शुद्ध करावं लागतं, बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीनदा. त्यासाठी रक्त जोरात बाहेर काढायचं आणि आत सोडायचं असतं. हाताच्या वरवरच्या शिरेत तेवढा जोर नसतो, आणि जोर असलेली धमनी खोल असते, तिला सारखं टोचणं बरं नाही. म्हणून छोटी शस्त्रक्रिया करून मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी शिरेला जोडतात. धमनीचा जोर शिरेत आला की काही आठवड्यांत शीर फुगते, जाड होते आणि सुया घ्यायला तयार होते. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९६६मध्ये मांडली. या जोडणीला 'फिस्टुला' म्हणतात. (आपल्याकडे फिस्टुला म्हटलं की लोकांना एकदम भगंदर आठवतो आणि "हातावर फिस्टुला करायचाय" ऐकून नातेवाईक बुचकळ्यात पडतात. दोन पोकळ्यांना जोडणारी आडवाट, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. इथे ती मुद्दाम केलेली असते.)

धमनीतलं रक्त शिरेत घुसताना जो गोंधळ होतो त्यामुळे तिथली कातडी सतत थरथरत राहते. टाक्याच्या व्रणावर दोन बोटं हलकेच ठेवली की ती बोटांना कळते. रोज सकाळी उठल्यावर हे बघायचं, असं पेशंटला शिकवलेलं असतं. थ्रिल लागतंय म्हणजे फिस्टुला चालू आहे. एकाएकी लागेनासं झालं तर आत गुठळी झाली असण्याची शक्यता, आणि अशा वेळी पुढच्या डायलिसिसच्या वारापर्यंत थांबायचं नसतं, लगेच केंद्रावर कळवायचं असतं. त्या हाताचा बीपी घ्यायचा नाही, त्यातून तपासणीचं रक्त काढू द्यायचं नाही, घट्ट बांगड्या नकोत, हात उशाला घेऊन झोपायचं नाही, हे सगळं त्या थरथरीपायी.

२०१६च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत मशिनं वाढत गेली. एरवी इंग्रजीशी संबंध न आलेली कितीतरी माणसं त्यामुळे 'थ्रिल' हा शब्द रोज आणि अचूक वापरतात. लिंक्डइनवाल्यांपेक्षा अचूक, असं माझं मत.

अंगातून जातं ते काय?

भावनेच्या थ्रिलमध्येही शरीर खरोखर थरथरतं. अचानक काही घडलं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन हे रसायन रक्तात सोडतात. छाती धडधडते, तळहात ओले होतात, हाताची बोटं कापतात. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात आणि केस उभे राहतात. अंगभर दाट केस असलेल्या प्राण्यांना याचा उपयोग होतो, ऊब राहते आणि शत्रूला आपण मोठे दिसतो. आपल्याकडे त्यातला नुसता काटा उरलाय.

यातली गंमत अशी की शरीराची ही तयारी भीतीसाठी आणि आनंदासाठी जवळपास सारखीच असते. याचा पुरावा गीतेत आहे. पहिल्या अध्यायात समोर सगेसोयरे बघून अर्जुन म्हणतो, 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते'. अंग कापतंय, केस उभे राहिलेत, आणि हातातून गांडीव गळतंय. अकराव्या अध्यायात विश्वरूप दिसतं तेव्हा संजय त्याच अर्जुनाला 'विस्मयाविष्टो हृष्टरोमा' म्हणतो. पुन्हा केस उभे. माणूस तोच, काटा तोच. पहिल्या वेळी दुःख आणि भीती होती, दुसऱ्या वेळी थक्क होणं. नाट्य-काव्याच्या रसशास्त्रानेही रोमांच आणि वेपथु, म्हणजे कंप, यांना आठ सात्त्विक भावांत, म्हणजे भावना दाटली की शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत, जागा दिली, पण त्यांना एकाच रसाला बांधलं नाही.

अलीकडच्या विज्ञानाने याच वाटेने जाऊन पाहिलंय. स्टॅनफर्डचे औषधशास्त्रज्ञ अ‍ॅव्हरम गोल्डस्टीन यांनी १९८०मध्ये संगीत ऐकताना मानेपासून पाठीत उतरणाऱ्या शिरशिरीवर एक शोधनिबंध लिहिला आणि तिला सरळ 'थ्रिल' हेच नाव वापरलं. अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम अडवणारं नॅलोक्सोन हे औषध दिल्यावर दहापैकी तिघांची शिरशिरी कमी झाली. दहा माणसांचा प्रयोग म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे. पण तार षड्जावर गायक ठाम उभा राहिला की मागच्या रांगेतून जो 'आहा' येतो, तो मेंदूतच तयार होणाऱ्या अफूसारख्या सुखाच्या रसायनांशी जोडलेला असावा, ही कल्पना तिथून जोर धरू लागली.

मग भीती संपून थ्रिल कुठे सुरू होतं? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, आपण सुखरूप आहोत याची खात्री असते तिथे. जत्रेतल्या मौत का कुआँत मोटारसायकलवाला भिंतीवर चढतो तेव्हा कठड्याला धरून वर उभे असलेल्यांना थ्रिल वाटतं. खालच्याला त्या क्षणी काय वाटत असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. ऑगस्ट २०२२मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली, तेव्हा विम्याची आणि जखमी गोविंदांच्या मदतीची चर्चा बरोबरीने झाली ती यामुळेच. थर बघणारा आणि थरावर चढणारा यांच्या थ्रिलची किंमत वेगवेगळी असते.

थ्रिलर आणि रहस्यकथा

या दोन्हींची आपल्याकडे सर्रास सरमिसळ होते. रहस्यकथेत खून होऊन गेलेला असतो आणि प्रश्न मागे बघणारा असतो, कुणी केला? थ्रिलरमध्ये प्रश्न पुढचा, आता काय होणार? सिनेदिग्दर्शक हिचकॉकचं उदाहरण प्रसिद्ध आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाच्या वेळी त्याला काही सेकंदांचा धक्का बसतो. आधीपासून माहीत असेल आणि टेबलाशी बसलेली माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर तो पंधरा मिनिटं खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो.

म्हणून शेवटच्या चेंडूपर्यंत गेलेल्या सामन्याला थ्रिलर म्हणणं अगदी योग्य. एखाद्या घरात शिरून म्हाताऱ्या जोडप्याला बांधून ठेवलेल्या दरोड्याच्या बातमीला 'मध्यरात्रीचा थरार' असा मथळा देणं मला खटकतं. ज्यांना बांधलं होतं त्यांच्यासाठी तो थरार नव्हता. थरार आहे तो चहा पिता पिता पेपर वाचणाऱ्याचा, आणि बातमी तर त्या जोडप्याची आहे.

"मराठीत शब्द आहे की, मग थ्रिल कशाला?"

आहेत, चांगले चार-पाच आहेत, आणि अडचण तीच आहे. 'थरार' प्रसंगाला लागतो: पाठलागाचा थरार, सामन्याचा थरार. मुलाच्या दहावीच्या निकालाचा थरार झाला, असं कुणी म्हणत नाही. 'रोमांच' अंगावर उभे राहतात, पण बोलताना तो शब्द जरा पुस्तकी वाटतो. 'शहारा' थंडीने येतो, स्पर्शाने येतो, नकोशा आठवणीनेही येतो. 'अंगावर काटा आला' हे शिवरायांचा पोवाडा ऐकूनही म्हणता येतं आणि अपघाताची बातमी ऐकूनही. 'धाकधूक'मध्ये भीती पुरेपूर, मजा शून्य.

इंग्रजीने एका शब्दावर भागवलेलं काम मराठीने वाटून दिलंय. त्यामुळे भाषांतर करताना प्रत्येक ठिकाणी 'थ्रिल' काढून 'थरार' डकवला की वाक्य बिघडतं. 'ती बातमी ऐकून आजी थरारली' असं वाचलं तर मला वाटेल, बातमी वाईट होती. इंग्रजीत आजी 'थ्रिल्ड' होती, म्हणजे हरखून गेली होती. हरखणं, हा शब्द अशा वेळी आपल्याला आठवतच नाही.

बोलताना मात्र 'त्यात काही थ्रिल नाही राव' हे आता पुरतं मराठी झालंय. ते काढून टाकायला मी जाणार नाही.

"हजार वर्षांपूर्वीचं भोक आज कुणाला हवंय?"

हा आक्षेप रास्त आहे. शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ, असं मानणं ही जुनी चूक. इंग्रजीतला 'नाइस' लॅटिनमधल्या 'अज्ञानी' अशा अर्थाच्या शब्दातून आला आणि इंग्रजीतही आधी 'मूर्ख' या अर्थानेच वापरला जायचा. म्हणून आज तुम्हाला कुणी नाइस म्हटलं तर भांडायला जाऊ नये.

पण 'नाइस'चा जुना अर्थ पुरता पुसला गेला. 'थ्रिल'चा तसा पुसलेला नाही. भोसकणं गेलं, आरपार जाऊन थरथरवणं राहिलं, आणि आजच्या वापरात ते दिसतं. थ्रिल क्षणाचं असतं, अचानक येतं, अंगाला कळतं. 'गेली वीस वर्षं मी या नोकरीत थ्रिल्ड आहे' हे वाक्य इंग्रजीतही विचित्र वाटतं, कारण वीस वर्षं कुणी थरथरत नाही. तिथे 'हॅपी' किंवा 'कंटेंट' लागतो.

लिंक्डइनवरचे लोक मग चुकतात का? व्याकरणाने अजिबात नाही. 'थ्रिल्ड' म्हणजे फार आनंद झाला, हा अर्थ सर्वमान्य आहे आणि चांगले लेखकही तो वापरतात. फक्त तीच बाटली इतक्या वेळा हलवलीय की फेस येईनासा झालाय. नोकरी लागल्याचा खरा आनंद झाला असेल तर 'ग्लॅड' लिहा. आजकाल तोच जास्त खरा वाटतो.

वापरताना अडतं ते इथे

आपल्याकडची पहिली चूक म्हणजे 'आय अ‍ॅम थ्रिलिंग'. 'थ्रिलिंग' ती गोष्ट, 'थ्रिल्ड' तुम्ही. सामना थ्रिलिंग होता आणि तो बघून मी थ्रिल्ड झालो. 'आय अ‍ॅम थ्रिलिंग' म्हणजे मला बघून लोकांच्या अंगावर काटा येतो, हे मुलाखतीत सांगायची गोष्ट नाही.

दुसरा गोंधळ 'एक्सायटेड'शी होतो. एक्सायटेड बहुधा पुढच्या गोष्टीबद्दल असतं, ट्रिपला जायचंय म्हणून. थ्रिल्ड बहुधा हाती आलेल्या गोष्टीबद्दल, तिकीट मिळालं म्हणून. 'थ्रिल्ड'च्या पुढे 'टु', 'विथ', 'बाय', 'अबाउट' यांतलं काहीही चालतं. भेटवस्तूबद्दल 'विथ' जास्त रूढ आहे आणि क्रियापद पुढे आलं की 'टु'.

'थ्रिल्स अँड स्पिल्स'मधले स्पिल्स म्हणजे सांडणं नव्हे, शर्यतीत पडणं-आपटणं. 'चीप थ्रिल्स' म्हणजे स्वस्तातली मजा, आणि त्यात थोडा तुच्छतेचा वास असतो. 'नो फ्रिल्स' हे निराळंच प्रकरण. त्या फ्रिल्स म्हणजे झालरी, थ्रिलशी त्यांचं काही नातं नाही. 'नो थ्रिल्स एअरलाइन' असं म्हणणारे भेटतात आणि विमानाच्या बाबतीत ते कौतुकच ठरतं, पण स्वस्त विमानसेवेला म्हणतात तो शब्द 'नो फ्रिल्स'.

आता तो क्लायंटचा मेल. 'द टीम इज नॉट थ्रिल्ड विथ द डिले.' शब्दशः घेतलं तर टीमला फार मोठा आनंद झालेला नाही, एवढंच. उशीर झाल्यावर आनंद कोण मानेल, म्हणून आपला माणूस निवांत राहतो. प्रत्यक्षात इंग्रजी बोलणाऱ्यांची, त्यातही ब्रिटिशांची, नाराजी आवाज न चढवता सांगायची ही रीत आहे. 'नॉट थ्रिल्ड' म्हणजे चांगलेच वैतागलेत. 'नॉट एक्झॅक्टली थ्रिल्ड' असेल तर तुमच्या मॅनेजरच्या वरच्याला एव्हाना फोन गेलेला असू शकतो. अशा मेलला 'थँक्स फॉर द फीडबॅक' हे उत्तर नको. उशीर का झाला आणि काम नक्की कोणत्या तारखेला मिळेल, ते लिहा, आणि त्याच दिवशी पाठवा.